चाळीस मजल्यांचं घर आणि खान्देशचं ऊन

चाळीस मजली इमारतीवर सगळ्यात मोठं ओझं कशाचं, असं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना विचारते. कुणी काँक्रीट म्हणतं, कुणी लोखंड, कुणी गच्चीवरच्या टाक्यांचं नाव घेतं. वजन मोठं असतंच, पण ते सरळ खाली जातं आणि दाब सोसणं हा तर काँक्रीटचा गुणच आहे. आमची झोप उडवतो तो वारा. तो आडवा येतो, आणि इमारत जितकी उंच तितका तो तिला बुडापासून उपटू पाहतो. भिंती आणि कॉलम तेच ठेवून उंची दुप्पट केली, तर बुडाशी येणारी ओढ चौपट होते आणि शेंड्याचं झुकणं सोळा पट. सात मजल्यांवर आणखी सात चढवले की चौदा मजली इमारत तयार, असं समजणारे बिल्डर मला आजही भेटतात. तो समज धोक्याचा आहे. चौदा मजली इमारत पायापासूनच वेगळी असते, आणि चाळीस मजली तर त्याहून.

मी आरसीसी डिझाइनर. जन्म धुळ्याचा, शिक्षण तिथल्याच देवपूरला. उमेदीची वर्षं मुंबईत एका कन्सल्टंटच्या ऑफिसात परळ-वरळीच्या टॉवरची ड्रॉइंगं करण्यात गेली. आता जळगावात माझं लहानसं ऑफिस आहे. नाना, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं जे नवं धुळं आखलं, त्याच्या सरळ, नंबर दिलेल्या गल्ल्यांमधली कितीतरी घरं नानांच्या हाताखालून गेली. दगडी जोतं, जाड भिंती, सागवानी खांब आणि वर मातीचं धाबं. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची, उन्हाळ्यात रात्री त्याच धाब्यावर अंथरुणं टाकायची. नानांनी दोन मजल्यांच्या वर कधी काम केलं नाही. पण ओळंबा सोडताना त्यांचा श्वास थांबायचा. भिंत एका सुतानं जरी सरकली तरी ते ती उतरवून पुन्हा बांधायला लावत.

२०२० च्या डिसेंबरात राज्यानं बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली लागू केली आणि जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतही उंच बांधण्याची वाट रुंद झाली. त्याआधी आमच्याकडे उंच म्हटलं की एकच इमारत डोळ्यांपुढे यायची: जळगावच्या नेहरू चौकातला महापालिकेचा सतरा मजली सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. ते कार्यालय. तिथं माणसं सकाळी येतात, संध्याकाळी जातात. राहत्या घरांचे टॉवर ही आमच्यासाठी नवी गोष्ट आहे आणि लोक बुकिंगला येतात तेव्हा दृश्य, क्लब हाउस आणि पार्किंग एवढंच विचारतात. म्हणून एक राहतं उंच घर कसं जन्माला येतं, हे मला सगळं सांगायचं आहे.

त्यासाठी मी वरळीची बीडीडी चाळ घेते, कारण ती मला लहानपणापासून माहीत आहे. माझे मामा मुंबई पोलिसात होते आणि त्यांची खोली तिथं होती. १९२० च्या दशकात, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही जायचो तेव्हा त्या एका खोलीत दहा माणसं असायची आणि निम्मी व्हरांड्यात झोपायची. या चाळी सलोह काँक्रीटच्या आहेत, हे मला पुढे शिकताना कळलं. आपल्याकडे काँक्रीट नवलाईचं होतं त्या काळात हजारो कामगार कुटुंबांसाठी ते वापरलं गेलं. शंभर वर्षांनी त्यातलं लोखंड गंजून फुगलं, स्लॅबचे पोपडे गळू लागले.

पुनर्विकासाचं भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ ला झालं. वरळीत प्रत्यक्ष बांधकाम २०२१ मध्ये सुरू झालं. काम म्हाडाचं, आणि बांधणाऱ्यांत टाटा प्रोजेक्ट्स व तिचे भागीदार. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या दोन विंगमधल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. चाळीस मजली इमारत, प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचं. तारखा पाहा: भूमिपूजनापासून बांधकाम सुरू व्हायलाच चार वर्षं, आणि बांधायलाही साधारण तेवढीच. कोण पात्र, कोण अपात्र, तात्पुरतं कुठे राहायचं, करारनामा कुणाच्या नावावर, यात पहिली वर्षं जातात. काँक्रीट २८ दिवसांत ताकद धरतं, माणसांचा विश्वास बसायला वेळ लागतो. जे बिल्डर 'दोन वर्षांत पझेशन' म्हणतात, त्यांना मी नेहमी विचारते, माणसांचे कागद या दोन वर्षांत धरलेत का?

आता पाया. कागदावर एक रेघ ओढण्याआधी जमिनीत बोअर मारतात आणि खालचा खडक नळीतून बाहेर काढतात. तो पेटीत ओळीनं लावून ठेवतात, पेटीवर खोली लिहितात. मला अजूनही ही पेटी उघडताना उत्सुकता वाटते, कारण त्या जागेचं सगळं बरंवाईट तिथं दिसतं. मुंबईत बहुतेक ठिकाणी भरावाखाली खडक लागतो. आपल्या खान्देशात चित्र वेगळं आहे, आणि दोन जिल्ह्यांतही वेगळं. धुळ्याच्या बाजूला बेसॉल्ट वर आलेला आहे, आणि त्यातून काळ्या दगडाच्या उभ्या भिंतींसारख्या रेघा मैलोन्मैल गेलेल्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि धुळे-नंदुरबारचे डाइक अभ्यासायला लांबून लोक येतात. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात असा कठीण दगड आणि दुसऱ्या कोपऱ्यात भुसभुशीत मुरूम, असं होऊ शकतं. तसं झालं तर इमारतीची एक बाजू जास्त बसते. जळगावात तापीकडे सरकावं तसा गाळ खोल होत जातो आणि वर असते काळी माती. कापसाला ती सोनं आहे. पायाला मात्र वैरी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर टेकवलेली प्रत्येक गोष्ट वर्षातून दोनदा हलते. तीन मजली बंगल्याच्या भिंतीला तिरपी चीर पडते ती बहुतेकदा यामुळेच. टॉवरला तर काळी माती पूर्ण उपसून खाली पक्क्या थरापर्यंत जावंच लागतं, नाहीतर पाइल घालून भार खोल न्यावा लागतो.

उंच इमारतीखाली अनेकदा सगळ्या तळाला मिळून एकच जाड स्लॅब टाकतात. त्याला राफ्ट म्हणतात. दुबईच्या बुर्ज खलिफाखाली ३.७ मीटर जाडीचा राफ्ट आहे आणि त्याखाली १९२ पाइल. एवढं काँक्रीट एकदम ओतलं की नवाच प्रश्न येतो. सिमेंट पाण्याशी मिळताना उष्णता सोडतं, आणि जाड थराच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही. आत ती सत्तर अंशांकडे चढते, बाहेरचा थर निवतो, आणि या ओढाताणीत काँक्रीट फाटतं. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा काही भाग काढून तिथं फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची बारीक राख, घालतात. ती सावकाश काम करते आणि उष्णता कमी सोडते. आमच्या भुसावळजवळच्या दीपनगरच्या केंद्रात कोळसा जळतो त्याचीही अशीच राख निघते. जिच्या धुळीनं आसपासची गावं त्रासली आहेत, ती राख योग्य प्रमाणात काँक्रीटमध्ये गेली तर पाया वाचवते.

पाया झाला की वाऱ्याशी गाठ. मुंबईसाठी आपल्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येईल असा झोत. त्यापुढे इमारतीनं थोडं झुकावं, हे आम्ही मान्य करतो. नियम असा की शेंडा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये. मजल्याला तीन मीटर धरून चाळीस मजल्यांची उंची १२० मीटर होते, म्हणजे शेंड्याला २४ सेंटिमीटरपर्यंत मुभा. ज्वारीचं ताट वाऱ्यात लवतं आणि उभं राहतं तसं. ऐकून लोक घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. डिझाइनचा खरा कस लागतो तो माणसाच्या पोटात. इमारत किती झुकते यापेक्षा किती झटक्यानं मागेपुढे होते हे माणसाला जाणवतं. इमारत पडणार नसते, तरी पलंगावर पडलेल्या माणसाला मळमळत असेल तर ते घर कसलं? म्हणून राहत्या इमारतींसाठी या हालचालीची मर्यादा ऑफिसच्या इमारतींपेक्षा कडक ठेवलेली आहे. भारतात २०१७ मध्ये उंच काँक्रीट इमारतींसाठी वेगळं मानक आलं, पन्नास मीटरच्या वरच्या इमारतींसाठी. त्याआधी आम्ही परदेशी पुस्तकं आणि वरिष्ठांचा अनुभव यांवर चालायचो.

वाऱ्याला तोंड द्यायचं कसं, याचं सगळ्यात सुंदर उत्तर एका ढाक्याच्या माणसानं दिलं. फजलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ चा. शिकागोत काम करताना त्यांनी सांगितलं की ताकद इमारतीच्या पोटात एकवटू नका, ती बाहेरच्या कडेला न्या. सगळी इमारतच एक पोकळ नळी समजा. १९७४ मध्ये पूर्ण झालेला ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर या विचारावर उभा आहे. आमच्या मुंबईच्या ऑफिसात त्यांचा फोटो लावलेला होता. राहत्या घरांना मात्र आणखी एक सोय असते. ऑफिसला मोकळे हॉल लागतात, घराला भिंती लागतातच. शेजाऱ्याच्या आणि आपल्या घरामधली भिंत, लिफ्टभोवतीची भिंत, जिन्याची भिंत, या सगळ्या काँक्रीटच्या केल्या की त्याच वाऱ्याला आडव्या उभ्या राहतात. आम्ही त्यांना शिअर वॉल म्हणतो. तुमच्या बेडरूमची भिंत ही सगळ्या इमारतीची भिंत असते. म्हणून टॉवरमध्ये राहायला गेल्यावर 'इथली भिंत पाडून हॉल मोठा करू' असं म्हणणाऱ्याला त्याच्या वर-खाली राहणाऱ्या सगळ्यांनी मिळून थांबवलं पाहिजे. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती. १६ मे १९६८ ला अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्या आधारावरचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. कारण एक भिंत.

वाऱ्याबरोबर भूकंपही येतो. खान्देशाला भूकंपाचं काय भय, असं म्हणणाऱ्यांना मी १४ मार्च १९३८ ची तारीख सांगते. त्या दिवशी सातपुड्यात सहाहून जास्त तीव्रतेचा धक्का बसला होता. मी ज्या भूकंप नकाशावर आयुष्यभर काम केलं, त्यात जळगाव आणि धुळे तिसऱ्या विभागात आहेत, मुंबईसारखेच. म्हणजे कॉलमच्या रिंगा कुठे किती जवळ बांधायच्या, त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची, हे नियम आम्हालाही लागू. ही आत वळवलेली टोकं माझ्या डोक्यात बसलेली आहेत. साइटवर गेले की मी आधी तीच पाहते. बार-बेंडर पोरं ती सरळ सोडतात, कारण वळवायला वेळ लागतो. पण भूकंपात कॉलमभोवतीची रिंग उघडली की आतलं काँक्रीट भुगा होऊन बाहेर येतं.

बांधकामाची पद्धतही आता बदलली आहे. पूर्वी कॉलम-बीम-स्लॅब आधी आणि मग विटांच्या भिंती, गिलावा. आता बहुतेक टॉवरना ॲल्युमिनियमचे साचे लावतात. साइटवर त्याला मिवान म्हणतात. लोखंडाची जाळी उभी करायची, तिच्यात विजेच्या वायरींच्या नळ्या आणि बोर्डांचे डबे आधीच बसवायचे, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे चढवायचे आणि भिंती व स्लॅब एकाच दिवशी ओतायचे. दोन दिवसांत साचे सुटतात आणि छतातल्या एका चौकोनी भोकातून हातोहात वरच्या मजल्यावर दिले जातात. हप्ता-दीड हप्त्यात एक मजला. टॉवर क्रेन इमारतीबरोबर वर चढत राहते. नानांचा ओळंबा इथं कामाला येत नाही. शंभर मीटर दोरीला वारा झुलवतो. म्हणून प्रत्येक स्लॅबमध्ये एका सरळ रेषेत बारीक भोकं ठेवतात आणि तळातून लेसर सोडून वरची जागा जुळवतात. एकदा नाना वरळीच्या साइटवर आले होते. त्यांनी तो लाल ठिपका बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ओळंबा तोच गं, फक्त दोरी नाही."

आणखी एक गोष्ट उंच इमारतीत होते जी दुमजली घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. कॉलम लहान होतात. खरंच लहान होतात. वजन पडत जातं तसं काँक्रीट वर्षानुवर्षं थोडं थोडं दबतं. जास्त भाराचा कॉलम जास्त दबतो, भिंत कमी दबते, आणि मग वरच्या मजल्यांची फरशी एका बाजूला उतरते, दरवाजे अडकतात. म्हणून कुठला कॉलम किती दबेल हे आधीच काढून बांधताना त्याची उंची जरा जास्त ठेवतात. दहा वर्षांनंतरच्या दरवाज्यासाठी आज केलेला हा विचार मला आमच्या धंद्यातला सगळ्यात हळवा भाग वाटतो.

आता उन्हाकडे येते, कारण मुंबईचं शहाणपण खान्देशात जसंच्या तसं चालत नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. कोरडी झळ असते. अशा हवेत ओतलेल्या स्लॅबच्या वरच्या थरातलं पाणी खालून वर येण्याआधीच उडून जातं आणि तासाभरात जाळीदार चिरा पडतात. जळगावातल्या एका साइटवर दुपारी एक वाजता स्लॅब ओतायचा घाट घातलेला मी पाहिला आणि मिक्सरची गाडी परत पाठवली. ठेकेदार माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. पण दुपारी ट्रान्झिट मिक्सरमधलं काँक्रीट घट्ट होऊ लागतं, मग पोरं त्यात पाणी ओततात, आणि ओतलेली प्रत्येक बादली ताकद खाते. बुर्ज खलिफा बांधताना दुबईच्या उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतलं आणि पाण्याच्या जागी काही भाग बर्फ घातला. आमच्याकडे हे करायला कुणी अडवलेलं नाही. रात्रीचं काम, सावलीत ठेवलेली खडी, बर्फ, ओली गोणपाटं, आणि नंतर पाणी मारणं. मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगतं आणि कोरड्या, उष्ण हवेत दहा. राख मिसळलेली असेल तर त्याहून जास्त. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवलेला दिसतो.

काँक्रीटची भिंत उन्हात तापते कशी, हेही सांगितलं पाहिजे. मिवानची भिंत जेमतेम सहा इंची असते. नानांच्या मातीच्या भिंती हातभर जाड होत्या. दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. सहा इंची काँक्रीट संध्याकाळी सातला आतून गरम लागतं. मग प्रत्येक खोलीत एसी, आणि एसीची उष्णता बाहेर. पश्चिमेची भिंत सावलीत ठेवणं, बाल्कनी खोल करणं, खिडकीवर रुंद छज्जा काढणं, बाहेरून उष्णता अडवणारा थर देणं, हे सगळं माहीत असलेलं आहे आणि फार महागही नाही. तरी जळगावात येणाऱ्या नव्या टॉवरच्या चित्रांत मला पश्चिमेला काचच काच दिसते. ती मुंबई-दुबईची नक्कल आहे आणि ती वाईट आहे, असं मी आर्किटेक्टांना तोंडावर सांगते.

माझी फुई, म्हणजे आत्या, मुंबईत माझ्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरी आली होती. तिनं खिडकीतून समुद्र पाहिला, लिफ्टचं कौतुक केलं, आणि मग विचारलं, "इतलं उच्च घर, पन धाबं कोठे शे?" गच्चीला कुलूप होतं. चाळीस मजल्यांत शेकडो कुटुंबं, आणि आकाशाखाली झोपायला कुणालाच जागा नाही. फुईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण निदान खान्देशात बांधताना मधल्या मजल्यांवर मोकळ्या गच्च्या ठेवता येतील, आणि त्या ठेवाव्यात.

आणि पाणी. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण एका बारनं वाढतो. १२० मीटर वरच्या टाकीतून पाणी सरळ खाली सोडलं तर तळमजल्याच्या नळावर बारा बारचा दाब येईल, नळ उडेल. म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात, किंवा मधल्या मजल्यावर टाक्या करतात. हे झालं तंत्र. पण टाकीत पाणी कुठून येणार? जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, तेही रोज नाही. धुळ्यानं नकाणे तलाव, तापी योजना आणि अक्कलपाडा इतक्या ठिकाणांहून पाणी आणूनही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची सवय लोकांना झाली आहे. दुमजली घरात माणूस हंडा भरून जिना चढतो. तिसाव्या मजल्यावर हंडा नेता येत नाही. पंप बंद, लिफ्ट बंद, म्हणजे तिथली म्हातारी माणसं कैदेत. ज्या शहरात चार दिवसांनी पाणी येतं तिथं टॉवरची जमिनीखालची टाकी चार दिवसांची हवी, एका दिवसाची नाही. हा आकडा मी नकाशावर सगळ्यात आधी पाहते.

आगीचं तर बोलायलाच हवं. मुंबईत ताडदेवच्या कमला इमारतीत २२ जानेवारी २०२२ ला वरच्या मजल्यावर आग लागली, माणसं गेली. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असं अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. उंच इमारतीत बाहेरच्या बंबावर अवलंबून राहता येत नाही. मुंबईच्या दलाकडची मोठी शिडीसुद्धा नव्वद मीटरपर्यंतच जाते. पाण्याचा उभा पाइप, छतातले फवारे, धूर न शिरणारा जिना, आणि ठरावीक अंतरावर मोकळा ठेवलेला आसऱ्याचा मजला, हीच खरी शिडी. या आसऱ्याच्या मजल्यावर सोसायट्या सायकली, जुनी कपाटं आणि गणपतीचं मखर ठेवतात. ते मला बघवत नाही.

उंची किती असावी, यावर माझं मत ठाम आहे. मुंबईत वर्ल्ड वन टॉवरचा बेत ४४२ मीटरचा होता, विमान वाहतुकीच्या परवानगीमुळे तो २८० मीटरवर आला. तिथं उंची आकाशानं ठरवली. जळगाव-धुळ्यात ती पाण्यानं, उन्हानं आणि अग्निशमन दलाच्या पोचेनं ठरवली पाहिजे. जमीन स्वस्त आहे, शहर पसरायला जागा आहे, तिथं चाळीस मजल्यांची गरज मला दिसत नाही. बारा-चौदा मजले नीट बांधले, नीट सांभाळले, तर खान्देशाला पुरे आहेत. वरळीत गोष्ट वेगळी होती. तिथं १६० फुटांच्या खोलीतल्या माणसाला त्याच जागी ५०० फूट द्यायचे तर वर जाण्यावाचून मार्ग नव्हता. म्हणून ते टॉवर मला मनापासून आवडतात.

आणि कागद पक्के नसले तर काय होतं, हे जळगावला कुणी शिकवायला नको. घरकुल योजनेत अकरा हजारांहून जास्त घरं बांधायची होती, पूर्ण झाली ती त्यातली थोडी. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं त्या योजनेतल्या घोटाळ्याच्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवलं. असे कागद तपासायला १ मे २०१७ पासून महारेरा हे राज्याचं नियामक प्राधिकरण आहे. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, इंजिनिअरचं प्रमाणपत्र, पझेशनची तारीख सगळं घरबसल्या दिसतं.

उंच इमारतीत घर घेत असाल तर बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे निकाल मागा, डिझाइन दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरनं तपासलं का ते विचारा. तो संकोचला तर तिथून उठा. आणि जे आधीच राहत आहेत त्यांना एकच विनंती: महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवायला सांगा.